नकलेला मुभा, नव्या मांडणीला मनाई

कुरुद हे एकेकाळचं गाव आता भिलाई शहरात पुरतं मिसळून गेलं आहे. समजा, तिथल्या चार-पाच मुलामुलींनी एक रॉक बँड काढला. दोन गिटार, एक बेस गिटार, एक ड्रमसेट आणि एक गाणारी मुलगी. पहिला अल्बम त्यांना साठच्या दशकातल्या गाण्यांचा करायचा आहे: दोन-तीन मराठी भावगीतं, काही हिंदी चित्रपटगीतं आणि 'कहि देबे संदेस' या १९६५ च्या पहिल्या छत्तीसगढी चित्रपटातलं एखादं गाणं. ही कल्पना जगावेगळी नाही. डेव्हिड बोवी यांनी १९७३ मध्ये 'पिन अप्स' हा अख्खा अल्बम त्यांच्या उमेदीच्या वर्षांत लंडनमध्ये गाजलेल्या गाण्यांचा केला. कॅनडाच्या 'रश' या बँडने २००४ मध्ये 'फीडबॅक'मध्ये साठच्या दशकातली आठ गाणी आपल्या ढंगात वाजवली. आपल्याकडे मात्र कुरुदचा हा बँड कॉपीराइट कायद्यापुढे उभा राहिला, की त्याला उलटंच उत्तर मिळतं. मूळ गाण्याची शक्य तितकी हुबेहूब नक्कल करणार असाल, तर मालकाने नाही म्हटलं तरी ठरलेली रक्कम भरून ते करता येईल. पण त्या गाण्यात स्वतःचं काही घालणार असाल, तर प्रत्येक हक्कधारकाचा होकार मिळवा. ज्यात कल्पकता नाही त्याला वाट मोकळी, आणि ज्यात आहे त्याला दार बंद. ही व्यवस्था बदलायला हवी, आणि ती बदलणं फारसं अवघडही नाही.

आधी कायदा नेमका काय म्हणतो ते पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातून कलम ३१सी आलं. एखाद्या गाण्याचं पहिलं ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं, ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं उलटली, की कोणालाही त्या गाण्याची कव्हर आवृत्ती काढता येते. त्यासाठी आधी सूचना द्यायची, वेष्टनाचा नमुना पाठवायचा, आवृत्ती कव्हर आहे हे त्यावर छापायचं, मूळ गायकाचं नाव किंवा चित्र वापरायचं नाही आणि मानधन आगाऊ भरायचं. इथपर्यंत सगळं रास्त आहे. अडचण पुढे येते. मूळ शब्दांत किंवा संगीतात, तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य नसलेला आणि मालकाच्या संमतीने पूर्वी न झालेला कोणताही बदल करायचा नाही. त्यातच, याच कायद्याच्या व्याख्येनुसार संगीतरचनेची नवी वाद्यमांडणी हे 'रूपांतर' ठरतं. म्हणजे तबला-पेटी-व्हायोलिनवर बांधलेलं गाणं गिटार आणि ड्रमवर नव्याने बसवलं, तर या कलमाचं संरक्षण उरतं का, याची खात्री कोणताही वकील देणार नाही. शिवाय मानधन दरसाल प्रत्येक गाण्यामागे किमान ५०,००० प्रतींचं. ध्वनिमुद्रण शेवटच्या आवृत्तीच्याच माध्यमात हवं, ही अटही कॅसेट आणि सीडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे. मोठ्या कंपनीला हे परवडेल. कुरुदच्या बँडला आठ गाण्यांसाठी चार लाख प्रतींचा हिशेब दरवर्षी झेपायचा नाही, आणि तो भरूनही गाणं आपल्या पद्धतीने वाजवता येणार नाही.

नकलेला दिलेल्या या झुकत्या मापामागे एक समजूत आहे: साठच्या दशकातलं गाणं म्हणजे त्या दशकातलं एक ठरावीक ध्वनिमुद्रण, आणि त्याला हात लावणं म्हणजे त्याची मोडतोड. ती गाणी कशी घडली हे पाहिलं, की ही समजूत टिकत नाही. 'कहि देबे संदेस'चंच घ्या. निर्माता-दिग्दर्शक मनु नायक रायपूर भागातले, संगीतकार मलय चक्रवर्ती, गीतकार हनुमंत नायडू, आणि गाणारे मोहम्मद रफी, महेंद्र कपूर, सुमन कल्याणपूर. छत्तीसगढी बोली, बंगाली नावाचा संगीतकार, पंजाबी गायक आणि मराठी भावगीतांनी घराघरांत पोचलेल्या सुमनताई. त्या गाण्याची 'शुद्ध' जात कोणती म्हणायची? हिंदी चित्रपटसंगीतही असंच घडलं. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतल्या व्हायोलिनच्या लाटा गोव्याच्या सेबॅस्टियन डिसूझा यांच्या मांडणीतून आल्या. सलील चौधरी यांनी १९६१ च्या 'छाया'मधल्या एका गाण्यासाठी मोत्झार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरावट घेतली. बीटल्सचं एक गाणं १९६५ च्या 'जानवर'मध्ये हिंदी शब्द लेवून आलं. ज्या दशकाने इतक्या मोकळेपणाने घेतलं आणि बदललं, त्याच्या गाण्यांना आज हात लावायचा नाही असं म्हणणं त्या दशकाशीच विसंगत आहे. भिलाईला तर हे वेगळं सांगायची गरज पडू नये. १९५५ च्या सोव्हिएत करारातून उभं राहिलेलं, फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेलं आणि देशाच्या सगळ्या प्रांतांतल्या कामगारांनी वसवलेलं हे शहर आणि ही गाणी एकाच वयाची आहेत.

मराठी माणसाने तर या बाबतीत कचरायलाच नको. आपलं नाट्यसंगीत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ याच मार्गाने जगलं आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्र'मधली पदं १८८२ पासून किती पिढ्यांनी गायली, आणि प्रत्येक चांगल्या गायकाने त्यांत आपली तान, आपली लय, आपलं घराणं आणलं. मागच्या नटाची नक्कल करणाऱ्याला रसिकांनी कधी डोक्यावर घेतलं नाही. साठच्या दशकातलाच पुरावा हवा असेल, तर 'कट्यार काळजात घुसली' आहे. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं, पंडित जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलेलं आणि डिसेंबर १९६७ मध्ये रंगमंचावर आलेलं हे नाटक. त्यात 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन वेगळ्या चालींत, दोन घराण्यांच्या दोन ढंगांत गायलं जातं. एका पदाला एकच रूप असतं ही कल्पना त्या नाटकानेच मोडीत काढली आहे. पुढे २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी चित्रपट केला तेव्हा अभिषेकींची पदं राहुल देशपांडे, महेश काळे, शंकर महादेवन यांच्या आवाजांत नव्या वाद्यमेळासह आली. मूळ नाटकातलं वसंतराव देशपांडे यांचं गाणं त्यामुळे पुसलं गेलं नाही. ज्यांच्या कानावर ते कधी पडलं नव्हतं, अशा वयाचे श्रोते चित्रपट पाहून मूळ ध्वनिमुद्रणं शोधू लागले. तो मोठ्या निर्मितीसंस्थेचा चित्रपट होता, परवानग्या मिळवणं तिला शक्य होतं. जे तिला जमलं ते लहान बँडला का जमू नये, हा माझा प्रश्न आहे.

रॉक बँड अशा गाण्याचं नेमकं करतो काय, हेही जवळून पाहायला हवं, कारण विरोधकांच्या मनात बहुधा फक्त 'आवाज वाढवणं' असतं. मराठी भावगीताची बांधणी एकरेषीय असते. गायकाचा गळा पुढे, पेटी किंवा व्हायोलिन त्याच्या मागोमाग, कडव्यांच्या मध्ये बासरी-सतारीचे तुकडे, खाली तबला. अनेक गाण्यांत सलग स्वरमेळ नसतोच. सुरावट स्वतःच्या बळावर उभी असते. गिटारवाला हे गाणं हातात घेतो तेव्हा त्याला पहिल्याच ओळीला कॉर्ड निवडावी लागते. एकाच स्वराखाली मेजर कॉर्ड धरली तर ओळ निश्चिंत वाटते, मायनर धरली तर तिच्यात हुरहुर येते. बेसवाल्याने षड्जावर ठाण मांडलं तर गाणं स्थिर राहतं, तो पायरीपायरीने खाली उतरत गेला तर तीच ओळ निरोपाची होते. ध्रुवपदाच्या शेवटी ड्रम थांबवायचे की तिथेच वाढवायचे, तबल्याची लग्गी जिथे होती तिथे काय ठेवायचं, मिंडेची जागा तार ओढून भरायची की मोकळी सोडायची, असे पन्नास निर्णय असतात. प्रत्येक निर्णय म्हणजे त्या कवितेचा आणि चालीचा केलेला एक अर्थ. जो बँड हे विचारपूर्वक करतो, तो मूळ रचना आपल्याहून कितीतरी बारकाईने ऐकत असतो. कराओके ट्रॅकवर गाणाऱ्याला यातला एकही निर्णय घ्यावा लागत नाही. तो ते सगळे निर्णय तयार विकत घेतो. आपल्या गावोगावच्या कराओके क्लबांतला आनंद खरा आहे, तो मी नाकारत नाही, पण संगीताचं पुढचं पाऊल तिथून पडणार नाही.

जगातली उदाहरणं हेच दाखवतात. ओटिस रेडिंग यांनी १९६५ मध्ये गायलेलं 'रिस्पेक्ट' हे घरी परतलेल्या पुरुषाचं गाणं होतं. अरीथा फ्रँकलिन यांनी १९६७ मध्ये ते बाईच्या तोंडी दिलं, मागणीचा रोख फिरवला आणि शीर्षकशब्दाची अक्षरं सुटीसुटी म्हणण्याचा एक तुकडा त्यात घातला, जो रेडिंग यांच्या गाण्यात नव्हताच. आज जग ते गाणं फ्रँकलिन यांच्या रूपात ओळखतं, गीतकार म्हणून नाव मात्र रेडिंग यांचंच राहिलं आहे. बॉब डिलन यांचं १९६७ च्या अखेरीस आलेलं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' जिमी हेंड्रिक्स यांनी वर्षभराच्या आत विजेच्या गिटारवर असं काही उभं केलं, की पुढे खुद्द डिलन ते हेंड्रिक्सच्या अंगाने गाऊ लागले. अमेरिकेत मालकाच्या होकाराविना मिळणारा असा सक्तीचा परवाना १९०९ पासून आहे. आज लागू असलेल्या तिथल्या कायद्याचं कलम ११५ स्पष्ट सांगतं, की परवाना घेणाऱ्याला आपल्या सादरीकरणाच्या शैलीत बसेल इतपत नवी मांडणी करण्याची मुभा आहे. मात्र मूळ सुरावट आणि रचनेचं मूलभूत स्वरूप बदलता येणार नाही, आणि त्या मांडणीवर मूळ मालकाच्या संमतीविना बँडला स्वतंत्र हक्कही सांगता येणार नाही. दोन्ही बाजू सांभाळणारं हे एक वाक्य आपल्या कलम ३१सी मध्ये नाही. सगळं दुखणं तिथे आहे.

आपल्याकडे या वाक्याच्या अभावाने काय झालं, ते ऐंशीच्या दशकात दिसलं. तेव्हाच्या कायद्यातही 'व्हर्शन रेकॉर्डिंग'ची वाट होती. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने तिचा पुरेपूर उपयोग केला. जुन्या गाण्यांच्या तबकड्या बाजारात सहज मिळत नव्हत्या, मिळाल्या तरी महाग होत्या. त्या पोकळीत रफी, मुकेश, किशोर यांची गाणी त्यांच्यासारख्या वाटणाऱ्या आवाजांत, स्वस्त कॅसेटवर लाखोंनी खपली. त्यातून पुढे सोनू निगमसारखे गायक लोकांसमोर आले हे खरंच, आणि अनेक घरांत जुनी गाणी पहिल्यांदा पोचली तीही याच कॅसेटमधून. पण संगीताच्या दृष्टीने त्या लाटेने मागे फारसं काही ठेवलं नाही. वाद्यमेळ मुळासारखाच, फक्त पातळ. गायकी मुळासारखीच, फक्त उसनी. मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा हाताशी येताच या कॅसेटचं कामच संपलं. व्यवसायाला नक्कल सोयीची होती आणि कायद्याने नकलेचीच वाट खुली ठेवली होती, मग दुसरं काय पिकणार?

रस्त्यावर मात्र हे बंधन कोणी पाळत नाही, आणि कायदाही तिथे पाळायला लावत नाही. दुर्ग-भिलाईपासून नागपूरपर्यंत लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत धुमाळ वाजतो. ढोल-ताशांच्या दणक्यावर कीबोर्डवाला साठच्या दशकातल्या गाण्याची सुरावट उचलतो, मधले तुकडे गाळतो, लय दीडपट करतो, अंतऱ्याआधी ताशाला मोकळं सोडतो आणि अख्खा रस्ता नाचतो. ही नवी मांडणीच आहे, आणि पुष्कळदा फार अक्कलहुशारीची. धार्मिक समारंभात आणि लग्नाच्या वरातीत होणारं वादन कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार उल्लंघन ठरत नाही. मात्र त्याच धुमाळवाल्यांनी तीच मांडणी स्टुडिओत नीट ध्वनिमुद्रित करून विकायला काढली, की ते अडचणीत येतात. मग त्यांची कला मिरवणुकीतल्या मोबाइल चित्रणांत, फाटक्या आवाजात, वादकांच्या नावांशिवाय फिरत राहते. कमाई त्यांनाही नाही आणि मूळ गीतकार-संगीतकाराच्या वारसांनाही नाही. परवान्याची साधी वाट असती, तर दोघांनाही काही मिळालं असतं.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जोरदार आक्षेप रिमिक्सचा आहे. २००२ च्या सुमारास 'काँटा लगा'सारख्या रिमिक्सांनी जुन्या गाण्यांवर कर्कश ठेका आणि उथळ चित्रीकरण चढवलं, त्याची चीड अजून लोकांच्या मनात आहे. ती चीड मला मान्य आहे. पण २०१२ च्या दुरुस्तीने त्यावर जो उपाय केला, त्याने गवताबरोबर पीकही कापलं. रिमिक्सचा दोष बदल हा नव्हता, गाण्याकडे बेफिकिरीने पाहणं हा होता. याच गाण्यांकडे गंभीरपणे पाहिलं तर काय होतं, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनॉस क्वार्टेटने २००५ मध्ये आशा भोसले यांना सोबत घेऊन राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांचा अल्बम केला तेव्हा दिसलं. नव्याने बसवलेली ती गाणी मुळापासून दूर गेली, तरी कुठे अपमानित झाली नाहीत. उरला विकृतीचा धोका. त्यासाठी कलम ५७ आहेच. आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली, तर हक्क विकून टाकलेल्या लेखकालाही दाद मागता येते. विकृती रोखायला हे हत्यार असताना सगळ्याच बदलांना सरसकट मनाई कशाला?

दुसरा आक्षेप रचनाकारांच्या बाजूने येतो: त्यांच्या मेहनतीवर दुसऱ्यांनी का जगावं? हा प्रश्न योग्य आहे, आणि म्हणूनच मानधन आणि नामोल्लेख यांत तसूभरही सूट मी मागत नाही. इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षांनी संपतो, शब्द आणि चालीवरचा मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांच्या आवाजातल्या, साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या 'शुक्रतारा'चं उदाहरण घ्या. संगीतकार श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले, कवी मंगेश पाडगावकर २०१५ मध्ये. म्हणजे चालीवरचा हक्क २०७१ च्या आणि शब्दांवरचा २०७५ च्या अखेरपर्यंत राहील. पुढची अर्धी शताब्दी हे गाणं मुक्त होणार नाही. या काळात ते कोणी नव्याने वाजवलंच नाही, तर वारसांना कशातून काय मिळणार? मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट'सारख्या बँडने वारकरी अभंग गिटार-ड्रमवर गायले आणि तरुण गर्दी त्यांच्यामागे गेली. अभंगांवर कोणाचा हक्क नाही, त्यामुळे कोणाला विचारावं लागत नाही. तुकोबांना जे तरुण श्रोते मिळाले, ते पाडगावकर-खळे यांना मिळू नयेत, आणि तेही त्यांच्या हक्कांच्या रक्षणाच्या नावाखाली, यात रचनाकाराचं हित कुठे आहे?

राहिला तिसरा आक्षेप, की तरुणांनी स्वतःची गाणी करावीत. करावीतच. पण दुसऱ्यांची गाणी वाजवल्याशिवाय स्वतःचं गाणं सापडलेला बँड विरळा. बीटल्सच्या १९६३ च्या पहिल्या अल्बममधल्या चौदा गाण्यांपैकी सहा इतरांची होती. आशा पुथली यांनी साठच्या दशकात 'द सर्फर्स' या बँडबरोबर इंग्रजी गाण्यांची छोटी तबकडी केली आणि काही वर्षांत त्या अमेरिकेत ऑर्नेट कोलमन यांच्या अल्बममध्ये गात होत्या. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे मुंबईच्या रॉक बँडमधून परदेशी गाणी गात मोठे झाले, आणि पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'च्या संगीतात मराठी रंगभूमीला रॉकचा जो स्वाद मिळाला, त्यात त्यांचा वाटा होता. मराठी शब्द रॉकच्या ठेक्यावर कसा बसतो, हे त्यांना कळलं, ते आधी इंग्रजी गाणी घोटल्यामुळे. कुरुदच्या मुलांनी इंग्रजीऐवजी खळे आणि मलय चक्रवर्ती घोटले, तर त्यांच्या स्वतःच्या गाण्याची जमीन इथलीच असेल.

करायचं काय, ते थोडक्यात सांगता येतं. संसदेने कलम ३१सी मध्ये, मूळ सुरावट आणि शब्द कायम ठेवून शैलीनुसार मांडणी बदलण्याची मुभा देणारी ओळ घालावी आणि माध्यमाची अट काढून टाकावी. त्याला वेळ लागेल. पण ५०,००० प्रतींच्या अटीसाठी संसदेची वाट पाहण्याचं कारण नाही. कारण त्याच कलमात, एखाद्या भाषेतल्या किंवा बोलीतल्या गाण्यांचा संभाव्य खप लक्षात घेऊन सर्वसाधारण आदेशाने किमान संख्या कमी करता येईल, असं आधीच लिहिलेलं आहे. हा अधिकार पूर्वी बौद्धिक संपदा अपिलीय मंडळाकडे होता. ते २०२१ मध्ये बरखास्त झाल्यावर त्याचं काम व्यावसायिक न्यायालयांकडे आलं. तिथे कोणीतरी जाऊन भाषेच्या वतीने बाजू मांडायला हवी, आणि ती एकट्या-दुकट्या बँडच्या आवाक्यातली गोष्ट नाही. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळासारख्या जुन्या संस्था हे करू शकतात. दुर्गपासून जवळच खैरागढला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या सुरुवातीच्या कुलगुरूंमध्ये आचार्य श्रीकृष्ण रातंजनकर होते. साठच्या दशकातल्या कोणत्या गाण्याचे हक्क आज कोणाकडे आहेत, याची खात्रीची सूची तिथले अभ्यासक तयार करू शकतील. किमान संख्या पाचशे किंवा हजार प्रतींवर आणा, अशी मागणी मराठी आणि छत्तीसगढी या दोन्ही भाषांसाठी एकाच अर्जात करता येईल.